तोंड बघून गरी

चपलेचा नंबर वाढला की पाय मोठा, हा हिशेब लहानपणापासून आपल्या अंगवळणी पडलेला असतो. मासे पकडायच्या गरीला तो मान्य नाही. दहा नंबरची गरी सहा नंबरच्या गरीपेक्षा बारीक. वीस नंबरची तर इतकी बारीक, की पुडीत शिल्लक आहे की संपली हे बोटाला टोचल्याशिवाय कळत नाही. उलट दहा, आठ, सहा, चार, दोन असं उतरत उतरत एकावर आलं की गरी चांगली ठसठशीत होते. आता याहून मोठी हवी असेल तर काय करायचं? सरळ माणूस म्हणेल, शून्य नंबर काढा. गरीवाल्यांनी १/० काढला. त्याहून मोठी २/०, मग ३/०, आणि इथून पुढे मात्र आकडा वाढेल तशी गरी वाढते. शून्याने भागता येत नाही हे आमच्या डोक्यात शिरावं म्हणून गणिताच्या मास्तरांनी किती खडू झिजवले! इकडे लोक पाचाला शून्याने भागून संध्याकाळी सुरमई घरी नेतात.

बरं, एवढं पाठ करून तरी माणसाने सुटावं. पण या नंबरांना जगभर मिळून एक असं मापच नाही. एका कंपनीची चार नंबरची गरी दुसऱ्या कंपनीच्या सहा नंबरशेजारी ठेवली तर दोघी जुळ्या निघू शकतात. आकड्यात दांडीची लांबी धरायची की दांडी आणि टोक यांच्यामधली फट, यावरही एकमत नाही. त्यात पुन्हा तारेची जाडी. पाकिटावर ‘टू एक्स स्ट्राँग’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की ही गरी आहे चार नंबरची, पण तिची तार आहे दोन नंबर मोठ्या गरीची. म्हणजे ती दिसते एक, असते दुसरी आणि वागते तिसरीच. आपल्याकडे अशा माणसाला सरळ राजकारणात पाठवतात.

मालवणच्या बाजारात एक दुकान आहे. तिथे तंगूस, शिसं, घमेली, उंदराचे सापळे, प्लास्टिकच्या दोऱ्या आणि गऱ्या एकाच फळीवर सुखाने नांदतात. गऱ्या मागितल्या की दुकानदार नंबर विचारत नाही. तो विचारतो, “खयचो मासो?” हा प्रश्न वरवर साधा आहे, पण त्याला खरं उत्तर देणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. खाडीत शेंगटी सगळ्यात जास्त लागते, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं आणि दुकानदारालाही. तरीही “शेंगटीसाठी द्या” असं कुणी म्हणत नाही. जो येतो तो छाती थोडी पुढे काढून “तांबोशी” म्हणतो. मुंबईहून सुट्टीला आलेला असेल तर “जिताडा” म्हणतो आणि आवाज थोडा खाली आणतो, जणू जिताडा बाहेर स्टँडवर उभा राहून ऐकतोय. दुकानदार मान डोलावतो, फळीवरची मोठी पुडी काढतो, बांधतो. मग खालच्या डब्यातून आठ नंबरच्या दहा-बारा गऱ्या चिमटीने उचलतो आणि “ह्यो पण आसूंदेत” म्हणून वेगळ्या कागदात घालतो. मोठी पुडी मिरवायची, बारीक पुडी गरवायची. दोन्हींचे पैसे मिळतात, दोन्हींचा मान राहतो. इतका मुत्सद्दी माणूस परराष्ट्र खात्यात असायला हवा होता, पण मग आम्हाला शिसं कोण देणार?

गरी निवडताना मुळात दोन तोंडांचा प्रश्न असतो. एक माशाचं आणि एक आपलं. गरी माशाच्या तोंडात जायची असते, पण ती निवडली जाते आपल्या तोंडून निघणाऱ्या माशाच्या मापाने. खाडीतला मासा वीतभर, बोलण्यातला हातभर, आणि गरी घेतली जाते ती बोलण्यातल्या माशाची. मग बिचारा खाडीतला मासा येतो, त्या लोखंडी आकड्याच्या टोकाला असलेली कोळंबी चारी बाजूंनी निवांत कुरतडून खातो आणि निघून जातो. वर काठीवाला म्हणतो, “आज पाण्याला ओढ नाही.”

जेट्टीवर एक आबा रोज भरतीच्या हिशेबाने येऊन बसतात. त्यांच्याकडे काठी नाही, चाक नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस आणि रबरी चपलेचा एक कापलेला तुकडा, एवढाच सरंजाम. त्या तुकड्यात गऱ्या ओळीने टोचून ठेवलेल्या असतात. तिथून एक उपटायची, डाव्या अंगठ्याच्या नखावर तिचं टोक हलकेच ठेवायचं आणि ओढायचं. टोक नखावरून घसरलं तर गरी बोथट. नखात रुतून जागच्या जागी थांबलं तर कामाची. आबांचं ते नख जवळून बघावं. त्यावर बारीक पांढऱ्या रेघांची अशी दाटी आहे की त्या खाडीतल्या मासेमारीचा सगळा दफ्तरखाना तिथे असावा. नव्या गरीवरही त्यांचा विश्वास नसतो. पाकिटातून काढली की आधी नखावर.

आबांना कुणी नंबर विचारला की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. “आधी माशाचा तोंड बघ. मगे गरी बघ. तुझा तोंड घराक जावन आरशात बघ.”

आता माशांची तोंडं हा विषय मात्र खरोखर बघण्यासारखा आहे. माणूस बाजारात मासा घेताना डोळा बघतो, कल्ला उचलून बघतो, पोट दाबून बघतो. तोंड कोण बघतो? काळुंदराचं तोंड एवढंसं. अंगाने चांगला तळहाताएवढा रुंद, पण खाण्याच्या बाबतीत उपासाच्या दिवशीच्या मावशी. शेवाळ टिपायचं, कणकेची गोळी चाखायची, पसंत पडली तर अजून थोडी. त्याच्यापुढे दोन नंबरची गरी टाकणं म्हणजे त्याचा अपमान आहे आणि तो तो सहन करत नाही. त्याला दहा नंबर, तोही बारीक तारेचा. मुडदुशीचं तोंड निमुळतं आणि खाली वळलेलं, कारण तिचं सगळं जेवण वाळूतलं. तिला लांब दांडीची बारीक गरी बरी पडते. बांगड्याचं वेगळंच. तो थव्याने फिरतो आणि फार विचार करत नाही. त्याच्यासाठी एका दोरीवर पाच-सहा बारीक गऱ्या, प्रत्येकीला रंगीत दोरा नाही तर पिसाचा तुकडा. आमिषसुद्धा लागत नाही. थवा सापडला तर एकदम अख्खं कुटुंब वर येतं आणि मग ते सोडवताना त्या सहा गऱ्या एकमेकींत, तुमच्या शर्टात आणि शेजाऱ्याच्या तंगूसात अशा काही जातात की बांगडा परवडला.

गोबरा म्हणजे नुसतं तोंड. बाकीचा मासा त्याला मागून जोडलेला. त्याला गरी मोठी चालते, पण प्रश्न मापाचा नसून ताकदीचा. आमिष घेतलं की तो थेट खडकाच्या कपारीत शिरतो आणि कल्ले फुगवून बसतो. बारीक तारेची गरी असेल तर ती सरळ होऊन वर येते. त्या सरळ झालेल्या गरीकडे बघून जेट्टीवर जी शोकसभा भरते, तिच्यात निसटलेल्या गोबऱ्याचं वजन दर पाच मिनिटांनी अर्धा किलो वाढतं. मग जाड तारेचीच गरी का घेऊ नये? कारण जाड तार माशाच्या जबड्यात घुसायला झटका जबर लागतो, आणि जिवंत कोळंबी तिच्यावर लावली तर मासा येण्याआधी कोळंबीच प्राण सोडते. मेलेल्या कोळंबीवर जिताडा क्वचितच फिदा होतो. जिताडा लागला तरी त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार अशी, की मान हलवताना तंगूस कापून मोकळा. रायगडात जिताडा योग्य घरी पोचला की अडलेली कामं पुढे सरकतात असं म्हणतात. एवढ्या वजनदार माशाला शून्याच्या वरची गरी लावायची ती आदर म्हणून तरी.

शेंगटीचं तोंड म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. तिला कुठलाही नंबर चालतो. ती गरी, कोळंबी, थोडं तंगूस, सगळं पोटापर्यंत नेते आणि वर आल्यावर पाठीवरचा विषारी काटा ताठ करून “काढा आता” म्हणते. इथे लांब दांडी कामी येते, कारण दांडीचं टोक तरी ओठाबाहेर राहतं. टोळाची चोच नुसती हाडाची, तिच्यात गरी रुततच नाही. आणि केंड! केंडाचे दात चोचीसारखे जुळलेले. तो आमिष खातो, गरी तोडून नेतो, तुम्ही चुकून वर ओढलाच तर फुगून बसतो, आणि खायच्या कामाचा नाहीच. केंडासाठी गरी कुठल्या नंबरची लावावी असं मी आबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, “पोस्टाची.” म्हणजे काय ते मला अजून समजलेलं नाही, पण आजूबाजूचे सगळे हसले म्हणून मीही हसलो.

या सगळ्यातून एक गोष्ट निघते आणि ती जेट्टीवरच्या प्रत्येकाला मनातून माहीत असते. बारीक गरीला मोठा मासा लागू शकतो. मोठ्या गरीला बारीक मासा लागत नाही. म्हणजे शंका आली तर बारीक लावावी. पण माणसाचा स्वभाव असा, की शंका आली की तो मोठी लावतो.

आमच्या शेजारचे काका बँकेतून निवृत्त होऊन गावी आले ते हा स्वभाव सोबत घेऊन. त्यांची पेटी बघायला पोरं जमतात. खण, खणात उपखण, प्रत्येकावर चिठ्ठी. जपानी कंपन्यांच्या गऱ्या, नॉर्वेच्या गऱ्या, एक तोंडाच्या, तीन तोंडांच्या. त्यांना गऱ्यांचा इतिहासही पाठ आहे. इंग्लंडात रेडिच नावाचं गाव सुयांसाठी प्रसिद्ध, तिथल्याच सुईवाल्यांनी गळही केले. नॉर्वेतल्या मुस्टाड कंपनीची स्थापना १८३२ ची, पण यंत्रावर गळ करायला तिने सुरुवात केली १८७७ साली. कर्बी म्हणजे टोक जरा बाजूला कललेली गरी. हे नाव सतराव्या शतकातल्या लंडनच्या एका गळ करणाऱ्याचं. लिमरिक आयर्लंडचं, ॲबर्डीन स्कॉटलंडचं. काका हे सांगत असताना मासे लागत नाहीत, पण वेळ बरा जातो. काकू मात्र दारातूनच सांगतात, “मार्केट किती वाजता बंद होतं तेवढं बघून बसा.”

याच काकांनी मुलाकडून परदेशातून सर्कल हूक मागवले. ही गरी दिसायलाच विचित्र. टोक वर न जाता आत, दांडीकडे वळलेलं. बघणाऱ्याला वाटावं की कुणीतरी तिच्यावर बसलं. पण तिची करामत वेगळी आहे. मासा आमिष गिळून वळला आणि दोरी ताणली गेली की गरी घशातून अलगद घसरत तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत येते, तिथे फिरते आणि आपोआप रुतते. मासा पोटात जखमी होत नाही, नको असलेला परत सोडता येतो. लांब दोरीला शेकडो गळ लावणाऱ्या बोटींवर समुद्री कासवं कमी अडकावीत म्हणूनही ती वापरतात. अट एकच, झटका मारायचा नाही. आणि ती अट आपल्याकडच्या माणसाला मानवणारी नाही. दोरी हलली की हात वर जाणारच. बस हलली की धावायचं, दाराची बेल वाजली की ओरडायचं आणि दोरी हलली की झटका मारायचा, हे आपल्या रक्तात आहे. काका झटके मारत राहिले आणि सर्कल हूक माशांच्या तोंडातून मोकळे परत येत राहिले.

एके दिवशी काका चहाला गेले. जेट्टीवरच्या एका पोराने मोठ्या मायेने त्यांची पेटी उघडली. काका परत आले तेव्हा तो हातात पकड घेऊन उभा. “काकानू, तुमच्यो गऱ्यो सगळ्यो आत वळलेल्यो आसत. मी सरळ केलंय.” आख्खं पाकीट. एकेक गरी बाहेर ओढून, व्यवस्थित, पुन्हा खणात लावून. काका काही बोलले नाहीत. बँकेत त्यांनी कर्जमाफीची दोन-तीन वर्षं काढली होती, त्यामुळे धक्का पचवायची सवय होती. पण नंतर ते कितीतरी वेळ आम्हाला सांगत होते की जपानच्या ओकिनावा बेटावरच्या साकितारी गुहेत सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे गळ सापडले आहेत, समुद्री गोगलगायीच्या शंखातून घासून केलेले, आणि तेही असेच आत वळलेले, चंद्रकोरीसारखे. तेवीस हजार वर्षं कुणाला ते सरळ करायची बुद्धी झाली नाही. मालवणात चहा पिऊन होईपर्यंत झाली.

आबांना त्या गुहेचं फारसं कौतुक वाटलं नाही. मी त्यांना कल्याणीच्या चालुक्यांचा तिसरा सोमेश्वर सांगून बघितला. मराठी ओवीचा उल्लेख केला म्हणून आपण त्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथाचं नाव आदराने घेतो. पण बाराव्या शतकातल्या त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा अख्खा भाग आहे, हे मराठीचे प्राध्यापक सहसा सांगत नाहीत. माशांचे प्रकार, कुठल्या माशाला काय खाऊ घालून चटावून ठेवावं, दोरी कसली, काठी कसली, सगळं राजाने लिहवून ठेवलंय. एवढं मोठं राज्य, शेजारी शत्रू टपलेले, आणि हा माणूस माशांना काय आवडतं याचा विचार करतोय. मला तर तो एकदम आपला वाटला. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “राजाक लागत होते?” ग्रंथात विनोदाची पद्धत दिलीय, निसटलेल्या माशांची यादी नाही, असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, “मगे खरो गरवणारो नाय.”

देशावर गेलं तरी हे प्रकरण सुटत नाही. कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीराची नोंद शास्त्राच्या दफ्तरात केली. आज त्याच नदीत गरी टाकली तर काय लागेल हे पुणेकरांना विचारू नये, ते खरं सांगतील. १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ नावाचं जाडजूड पुस्तक निघालं, त्यात महसीराचा थाट मोठा. गोऱ्या साहेबांची तक्रार अशी की हा मासा विलायती गळ जबड्यात चेपून टाकतो. सॅमनसाठी केलेले नाजूक गळ घेऊन आलेले साहेब, आणि समोर असा जबडा. त्यांनीही तेच केलं होतं, घरच्या माशाच्या मापाची गरी परक्या तोंडाला. पुढे त्यांनी जाड गळ मागवले. राज्य चालवायला तेवढी अक्कल लागतेच.

गरीचं खरं इमान तिच्या उलट्या काट्यात असतं. टोकाच्या आतल्या बाजूला तो बारीकसा मागे वळलेला काटा. मासा आत शिरलेली गरी झटकू शकत नाही ती त्याच्यामुळे. मासा परत सोडणारे हौशी लोक तो पकडीने दाबून सपाट करतात. काकांनी केला नव्हता. आणि त्या दिवशी त्यांनी लावली होती तीन तोंडांची गरी, जिताड्यासाठी. एका तोंडाला कोळंबी, दुसरं मोकळं, आणि तिसरं काकांच्या उजव्या अंगठ्यात.

स्कूटरवर मागे बसून काका दवाखान्यात निघाले तेव्हा अंगठा वर धरलेला, त्याखाली हातभर तंगूस, तंगूसाला शिसं आणि गरीला अजून ती कोळंबी. सिग्नल नसल्यामुळे कुणी थांबून बघितलं नाही, पण पालिकेसमोर एकाने “लागलो मगे काय तरी!” म्हणून ओरडून अभिनंदन केलं. दवाखान्याच्या पायरीवरचं मांजर काकांच्या मागोमाग थेट आत आलं आणि बाकाखाली बसून अंगठ्याकडे एकटक बघत राहिलं.

डॉक्टरांनी भूल दिली. अशी गरी मागे ओढायची नसते, मांस घेऊन येते. ती पुढे ढकलायची, टोक कातडीतून बाहेर काढायचं, काटा कापायचा आणि मग उरलेली तार आल्या वाटेने मागे घ्यायची. कापायला त्यांच्याकडची कात्री चालेना, म्हणून कंपाउंडर शेजारच्या सायकलवाल्याकडून पकड घेऊन आला. ती स्पिरिटने पुसली. कट्ट असा आवाज झाला. डॉक्टरांनी गरी उजेडात धरली, सवयीने आपल्याच अंगठ्याच्या नखावर टोक ठेवून ओढलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली.

“ही खाडीत लावलीत? कितव्या नंबरची?”

“दोन,” काका म्हणाले.

“ट्रेबल आहे ना, मग दोन म्हणजे फार मोठी. सहा लावायची.”

“सहा कसली,” कंपाउंडर म्हणाला, “आत्ता पाणी गढूळ आसा. ट्रेबल व्हयीच कित्याक? साधी एक-शून्य लावायची.”

“एक-शून्याक कोळंबी मरता,” बाहेरच्या बाकावरून एक आजी म्हणाल्या.

डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन भरता भरता कागदावर फटीचं चित्र काढून दाखवायला सुरुवात केली. काकांनी दुसऱ्या हाताने खिशातून आपली चिठ्ठ्यांची यादी काढली. मांजराने तेवढ्यात कोळंबी नेली. बाकावर एक गृहस्थ घोंगडी पांघरून मघापासून कुडकुडत होते, त्यांना चांगला दोनच्या वर ताप होता आणि नंबर त्यांचा होता. कंपाउंडरने त्यांना आत यायला सांगितलं. ते उठले, टेबलापर्यंत आले, कागदावरच्या चित्रात डोकं घालून बघितलं आणि म्हणाले, “माझ्या तापाचा मगे बघूया, डॉक्टर. आधी ह्येंका सांगा, शिसा किती लावललात?”